बीसीसीतली नावं नेमकी कोण झाकतं?

संशोधनाच्या तयारीत आपण प्रश्नावली दहा वेळा तपासतो. संमतीपत्रात 'तुमची ओळख गोपनीय ठेवली जाईल' असंही लिहितो. आणि मग प्रत्यक्ष ईमेल पाठवायचं काम इंटरनेटवरून उचललेल्या आठ ओळींच्या कोडवर सोडून देतो. आज त्या आठ ओळींबद्दल बोलू.

समजा, तुमचा विषय सिकलसेल आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो, त्यामुळे विषय घरचाच. शहादा, तळोदा, धडगावच्या कॉलेजांतले ६० वाहक विद्यार्थी तुमच्या अभ्यासात आहेत. त्यांना प्रश्नावलीची लिंक पाठवायची म्हणून तुम्ही पायथनमध्ये संदेश तयार केला, त्यात 'बीसीसी' नावाची ओळ घातली, पुढे साठही पत्ते लिहिले. झाकले गेले का पत्ते? उत्तर आहे : सांगता येत नाही. ते तुम्ही पुढे कोणतं फंक्शन वापरता त्यावर ठरतं.

हे नीट कळायला पोस्टाचं पाकीट डोळ्यांसमोर आणा. ईमेल पोहोचवणाऱ्या एसएमटीपी या पद्धतीतही पाकीट वेगळं आणि आतलं पत्र वेगळं. तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरला आधी पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, मग 'आरसीपीटी टू' या आज्ञेने प्राप्तकर्त्यांचे पत्ते एकेक करून सांगतो. हे झालं पाकीट. त्यानंतर 'डेटा' म्हणून अख्खं पत्र देतो. 'टू', 'सीसी', विषय या हेडरच्या ओळी त्या पत्रात असतात. सर्व्हर पत्र पोहोचवतो ते पाकीट बघून. म्हणजे बीसीसी खरं तर एवढंच : पत्ता पाकिटावर आहे, पत्रात नाही.

आता पायथनच्या 'एसएमटीपीलिब'मधली दोन फंक्शन्स बघा. 'सेंड_मेसेज' शहाणं आहे. पाकिटाचे पत्ते वेगळे दिले नाहीत तर ते टू, सीसी आणि बीसीसीमधून पत्ते उचलतं, आणि पत्र पाठवताना बीसीसीची ओळ गाळतं. 'सेंडमेल' मात्र हेडरला हातच लावत नाही. बीसीसीची ओळ पत्रात असेल तर ती तशीच बाहेर पडते. मधल्या एखाद्या सर्व्हरने काढली तर तुमचं नशीब. उलटंही होतं. ओळ पत्रात आहे, पण पाकिटाच्या यादीत तो पत्ता नाही, तर त्या माणसाला पत्र मिळतच नाही आणि त्याचा पत्ता मात्र बाकीच्यांच्या हाती पडू शकतो.

माझा आक्षेप इथेच आहे. नावं जवळपास सारखी, काम जवळपास सारखं, आणि गोपनीयतेच्या बाबतीत वागणं अगदी विरुद्ध. पायथनच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण नवशिक्या कागदपत्रं वाचत नाही, तो चालणारं उदाहरण उचलतो. आणि 'चालतंय' याचा अर्थ मेल पोहोचला एवढाच असतो.

मूळ नियमांनाही यातून सूट नाही. २००८ च्या 'आरएफसी ५३२२'मध्ये बीसीसी हाताळायच्या तीन रीती दिल्या आहेत. एकीत ओळ सगळ्यांच्याच प्रतींतून काढतात. दुसरीत ती फक्त बीसीसीवाल्यांच्या प्रतीत ठेवता येते. तिसरीत ओळ राहते पण रिकामी. दुसऱ्या रीतीत सगळे पत्ते ठेवले तर सगळे बीसीसीवाले एकमेकांना दिसतात, हा इशारा त्याच दस्तऐवजात आहे. त्याच वर्षीचा 'आरएफसी ५३२१' प्रत्येक लपवलेली प्रत स्वतंत्रपणे, एकेका पत्त्यालाच पाठवायचं सुचवतो. सल्ला उत्तम आहे, पण 'हवं तर करा' या भाषेत. जिथे माणसाची अब्रू पणाला लागते तिथे 'हवं तर' पुरत नाही.

अब्रू हा शब्द मोठा वाटतो का? लंडनमधल्या '५६ डीन स्ट्रीट' या क्लिनिकने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्ही रुग्णांसाठीच्या सेवेचं वार्तापत्र ७८१ जणांना पाठवलं. पत्ते बीसीसीऐवजी 'टू'मध्ये पडले. ७३० पत्त्यांत पूर्ण नावं होती. २०१६ मध्ये क्लिनिक चालवणाऱ्या ट्रस्टला १,८०,००० पौंड दंड झाला. ती चूक कोडची नव्हती, हाताची होती. पण परिणाम तोच. आणि ते लंडन होतं. आपल्याकडे पत्त्यात पाडवी, वळवी, वसावे किंवा पावरा दिसलं, सोबत पहिलं नाव असलं, की एखाद्याला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. वाहक असल्याचं कळलं की लग्नाच्या बोलणीपर्यंत गोष्ट जाते.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. संशोधनातल्या सहभागींसाठी बीसीसी वापरूच नका. लूप लावा आणि प्रत्येकाला 'टू'मध्ये त्याचा एकट्याचा पत्ता घालून स्वतंत्र मेल पाठवा. साठ मेलना लागतो तरी किती वेळ? दुसरं, आधी स्वतःच्या लॅपटॉपवरच्या चाचणी सर्व्हरवर काल्पनिक पत्त्यांनी पाठवून बघा, आणि पत्राचा कच्चा मजकूर डोळ्यांनी वाचा. तिसरं, लूपमध्ये प्रत्येक वेळी नवा संदेश तयार करा. जुन्याच संदेशाला पुन्हा 'टू' जोडत गेलात तर आधीचे पत्तेही त्यात राहू शकतात.

नैतिकता समितीची मंजुरी कागदावर मिळते. सहभागींना दिलेला शब्द मात्र या आठ ओळींत पाळला जातो, नाहीतर मोडला जातो. त्या ओळी स्वतः वाचा.