जुन्नरचे लेख आणि बिघडलेली अक्षरे

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांची एक संगणकीय प्रत आंबेगाव तालुक्यातील एका विहाराच्या अभ्यासवर्गात आमच्या पाहण्यात आली. संकलकाचे श्रम वंदनीय आहेत. तथापि ही प्रत आहे त्या स्थितीत विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोबतची मूळ फाईल युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित आहे. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे अवयव बसविलेले असत. तो फाँट नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर मात्र नष्ट झालेला नसतो. फाँट ओळखला की त्याच्या तक्त्यावरून रूपांतर साधते.

प्रतीतील दोष दोन प्रकारचे आहेत. पहिला यांत्रिक होय. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनापूर्वी नोंदली जाई; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. हा क्रम न पालटल्यामुळे लेण्याद्रीचे चैत्यगृह दान करणाऱ्या कल्याणच्या सुलसदताचा पिता 'हेरणिक' येथे 'हेरिणक' झाला आहे. दोष नियमित असल्याने तो नियमानेच दूर होतो.

दुसरा दोष गंभीर आहे. मूळ फाईल जुन्या फाँटमध्ये उघडून पाहता तेथे 'देयधम' असे स्वच्छ आढळते. नव्या प्रतीत मात्र सर्वत्र 'देयधर्म' आहे. हे यंत्राचे कृत्य नव्हे. कोणी तरी सद्हेतूने शब्द 'शुद्ध' केला आहे. प्राकृत म्हणजे बिघडलेले संस्कृत, हा जुना ग्रह येथे नकळत डोकावतो. कल्याणच्या सुलसदतापासून शिवनेरीवर पाण्याची टाकी देणाऱ्या यवन इरिलापर्यंत दात्यांनी ज्या लोकभाषेत आपले दान कोरविले, ती भाषाच आपण पुसू लागलो, तर त्यांचे वारस म्हणविण्याचा आपला अधिकार काय? शिवाय वेलांटीचा दोष डोळ्यांस खुपतो. हा दोष सुबक दिसतो, म्हणून तो पुढील प्रतींत निर्वेध उतरत जातो.

आमची सूचना अशी : मूळ फाईल न बदलता जतन करावी, कारण चुकीच्या संकेतप्रणालीत उघडून साठविलेला मजकूर कायमचा हरवू शकतो. रूपांतर तिच्या प्रतीवर करावे आणि प्रत्येक लेख बर्जेस व इंद्रजी यांच्या १८८१ च्या वाचनाशी व शिलेच्या छायाचित्राशी ताडून पाहावा. पाठभेद सुचवायचा तर तो टिपेत द्यावा, पाठात नव्हे.

युनिकोडमध्ये २०१० पासून ब्राह्मीलाही स्थान आहे. साधने आली आहेत. आता अक्षराशी प्रामाणिक राहणे एवढेच उरते.