‘मृच्छकटिका’तील संधिच्छेद आणि गृहरक्षणाचा प्रश्न

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या दशांकी प्रकरणाचा तिसरा अंक त्यातील घरफोडीच्या प्रवेशामुळे विशेष प्रसिद्ध आहे. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकालाही शर्विलक आणि त्याने पाडलेले खिंडार परिचयाचे झाले. या प्रवेशाचे विवेचन करताना चौर्यशास्त्राचे विडंबन, शर्विलकाचा मिस्कीलपणा आणि विदूषकाची झोप यांवरच बहुधा भर दिला जातो, आणि परिणामी हा अंक म्हणजे कथानकातील एक रंजक विसावा, अशी समजूत दृढ होते. ही समजूत तपासून पाहणे अवश्य आहे. रात्री परका मनुष्य घरात शिरला असता गृहस्थाने नेमके कशाचे रक्षण करावयाचे, हा प्रश्न या अंकात गंभीरपणे मांडला गेला आहे. आणि त्याचे जे उत्तर नाटककार देतो, त्यावर पुढील सात अंकांची उभारणी झालेली आहे.

रात्रीच्या घरफोडीकडे सर्वच प्राचीन धर्मशास्त्रे अत्यंत कठोरपणे पाहतात. भिंत फोडून रात्री चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला शूलावर चढवावे, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. आणि चालून आलेल्या आततायीला ठार मारण्यात दोष नाही, असे आठव्या अध्यायात म्हटले आहे. यहुद्यांच्या ‘निर्गम’ ग्रंथातही रात्री घर फोडताना सापडलेला चोर मारला गेल्यास मारणाऱ्यावर रक्तदोष येत नाही. सूर्य उगवल्यानंतर मात्र तो येतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने रात्रीच्या घरफोडीप्रसंगी मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क काही मर्यादांसह प्राण घेण्यापर्यंत मान्य केला होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. या सर्व नियमांमागे एकच विचार दिसतो. अंधारात घरधन्याला चोराचा हेतू कळत नाही, साहाय्य जवळ नसते आणि निद्रिस्त मनुष्य सर्वस्वी असहाय असतो. म्हणून शस्त्र उचलण्याची मोकळीक त्याला अधिक दिली पाहिजे.

शूद्रकाच्या अंकात मात्र घरधनी शस्त्र उचलीत नाही. चोर निघून जाईपर्यंत तो जागाही होत नाही. रेभिलाचे गायन ऐकून मध्यरात्री परतलेला चारुदत्त त्या गाण्याच्या आठवणीतच झोपी जातो. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले सुवर्णभांड दिवसा वर्धमानकाने आणि रात्री मैत्रेयाने सांभाळावे, अशी या घरातील पहाऱ्याची वाटणी आहे. मैत्रेय त्या ओझ्याने वैतागलेला आहे. आपली झोप चोरणारी ही वस्तू नेईल असा एकही चोर उज्जयिनीत नाही काय, असे तो कुरकुरतो. नाटककाराने येथे पुढील घटनेची नांदी हसत हसत करून ठेवली आहे.

शर्विलकाचे कर्म त्यानंतर सुरू होते. रोजच्या सूर्यार्घ्याच्या पाण्याने भिजून आणि क्षाराने झिजून भिंत कोठे कमकुवत झाली आहे, हे तो प्रथम शोधतो. भाजलेल्या विटा ओढून काढाव्या, कच्च्या विटा कापाव्या, मातीचे ढेकूळ भिजवावे, लाकूड फोडावे, हा चतुर्विध विधी तो आचार्यांच्या आधाराने आठवतो. खिंडाराच्या सात आकृतींतून तो पूर्णकुंभ निवडतो. मापाची दोरी विसरल्यामुळे यज्ञोपवीताने माप घेतो. आत शिरण्यापूर्वी प्रतिपुरुष पुढे सरकवून पाहतो. जुन्या दाराची करकर थांबावी म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. या तपशिलात विनोद आहे यात संशय नाही. परंतु प्रत्येक तपशील घराची एकेक दुर्बलता उघड करीत जातो, याकडे दुर्लक्ष होता कामा नये. पूजेच्या पाण्याने पोखरलेली भिंत आणि मोडकळीस आलेले दार चोराच्या हाताखालून प्रेक्षकाला दिसते. चारुदत्ताच्या दारिद्र्याचे याहून नेमके वर्णन पहिल्या अंकातील त्याच्या उद्गारांतही नाही.

आत आल्यावर शर्विलकाला मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या दिसतात. धन पुरलेले आहे की काय हे पाहण्यासाठी तो मंतरलेले बीज टाकतो; ते फुगत नाही. घरधनी खरोखरच दरिद्री आहे, असे ठरवून तो परत फिरणार इतक्यात झोपेत बरळणारा मैत्रेय स्वतःच ते भांड त्याला गायीची व ब्राह्मणाची शपथ घालून देऊन टाकतो. हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु पहाऱ्याच्या ओझ्याने दमलेल्या मनुष्याने झोपेत ते ओझे दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे मैत्रेयाच्या स्वभावाशी पूर्णपणे सुसंगत आहे. शिवाय, चोरी उघड झाल्यावर तोच सहज बोलून जातो की, हे खिंडार एखाद्या परक्या माणसाने किंवा शिकाऊ चोराने पाडले असले पाहिजे. कारण या घरची संपत्ती उज्जयिनीत कोणाला ठाऊक नाही? या थट्टेत एक कटू सत्य दडलेले आहे. आजवर या घराचा खरा पहारेकरी दारिद्र्यच होते. दुसऱ्याचे सोने घरात आले, आणि त्या पहाऱ्याचा उपयोग संपला.

जागा झाल्यावर चारुदत्त प्रथम खिंडाराच्या सुबकतेचे कौतुक करतो आणि चोर विन्मुख गेला असेल म्हणून हळहळतो. सुवर्णभांड गेल्याचे कळताच चोर कृतार्थ होऊन गेला याचा त्याला आनंद होतो; आणि ती ठेव होती हे मैत्रेयाने लक्षात आणून देताच तो मूर्च्छित पडतो. या तीन प्रतिक्रियांचा क्रम अत्यंत अर्थपूर्ण आहे. स्वतःचे घर फुटले याचे त्याला दुःख नाही. दुसऱ्याचा विश्वास फुटला, हे दुःख आहे. पहिल्या अंकात आपले घर ठेव ठेवण्यास योग्य नाही असे त्याने म्हटले असता, ठेव घरात ठेवली जात नसून माणसापाशी ठेवली जाते, अशा आशयाचे उत्तर वसंतसेनेने दिले होते. त्या उत्तराने गृहरक्षणाची व्याख्याच बदलली. भिंत पडली तरी माणूस उभा राहिला पाहिजे, अशी जबाबदारी त्याच क्षणी चारुदत्तावर आली.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो येथे निर्दोष आहे. चोरांनी नेलेली, पाण्याने वाहून गेलेली किंवा अग्नीने जळालेली ठेव तिच्यातील काही स्वतः घेतले नसेल तर भरून द्यावी लागत नाही, असे मनूने सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा अभिप्रायही तोच आहे. असे असता चारुदत्त हा बचाव का स्वीकारीत नाही? त्याच्याच म्हणण्याप्रमाणे सत्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, दरिद्री म्हणून सर्व जण त्याच्याविषयीच संशय घेतील. कायदा निर्धनालाही बचाव देतो, परंतु तो बचाव खरा मानला जाण्यासाठी लागणारी पत मात्र देत नाही. म्हणूनच खिंडार हा स्वतःच्या निर्दोषत्वाचा प्रत्यक्ष पुरावा असताना, लोकापवाद टाळण्यासाठी त्याच विटांनी ते त्वरित बुजविण्याची आज्ञा तो वर्धमानकाला देतो. चोरीचा माग नाहीसा करण्याचे चोराचे काम घरधनीच करतो! आणि ठेव आपण द्यूतात हरलो, असा निरोप तो वसंतसेनेकडे पाठवितो. चोरीला बळी पडल्याचे सत्य सांगण्यापेक्षा जुगारी म्हणवून घेणे त्याला सुरक्षित वाटते.

या उदात्ततेचे मूल्य कोण चुकविते, हेही पाहिले पाहिजे. चोर बाहेर पडत असताना त्याला पाहून घर जागे करते ती दासी रदनिका. पतीचे चारित्र्य कलंकित होऊ नये म्हणून माहेरची रत्नावली व्रताच्या निमित्ताने मैत्रेयाच्या हाती देते ती धूता. पहारा वर्धमानक आणि मैत्रेय यांच्याकडे असताना घराचे प्रत्यक्ष रक्षण या दोन स्त्रियांनी केले आहे. स्त्रीधनावर निभाव लागल्याची लाज चारुदत्ताला क्षणभर वाटते, परंतु अशी पत्नी लाभली असता आपण दरिद्री नाही, या समाधानात ती लाज लगेच विरून जाते. नाटककाराने धूतेला या अंकात थोडक्यात आटोपले, हा त्याच्या रचनेतील एक उणेपणा मानावा लागेल.

चारुदत्ताची भीती अनाठायी नव्हती, हे नवव्या अंकात सिद्ध होते. वसंतसेनेचे अलंकार भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून गळून पडतात. वस्तुतः तिने ते रोहसेनाच्या सोन्याच्या गाडीसाठी प्रेमाने दिलेले असतात. परंतु न्यायाधीशांचे मन अनुकूल असूनही चारुदत्त त्यांना हे पटवून देऊ शकत नाही. दरिद्र्याच्या घरातील सोने हाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा ठरतो. न्यायाधीश मनूच्या आधारे ब्राह्मणाला देहदंड न देता निर्वासित करावे असे सुचवितात. राजा पालक शूलाची शिक्षा देतो. रात्री भिंत फोडणाऱ्यासाठी स्मृतीने सांगितलेला शूल ज्याची भिंत फुटली त्याच्या वाट्याला येतो, आणि ज्याने ती फोडली तो शर्विलक राज्यक्रांतीनंतर नव्या राजाचा संदेश घेऊन त्याच वधस्थानी येतो. हा विपर्यास तिसऱ्या अंकातच पेरलेला होता.

भासाच्या नावावर असलेल्या ‘चारुदत्त’ नाटकाशी तुलना केली असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथेही घरफोडी आहे. चोराचे नाव सज्जलक आहे. परंतु उपलब्ध नाटक चार अंकांतच थांबते. त्यात न्यायसभा नाही आणि शूलही नाही. त्यामुळे तेथील घरफोडी प्रेमकथेला वेग देणारा प्रसंग म्हणूनच उरते. शूद्रकाने तीच घटना न्यायसभेपर्यंत नेली, आणि गृहरक्षणाचा प्रश्न भिंतीवरून समाजावर आणून ठेवला. चोराला कसे अडवावे हे त्याच्या नाटकाने सांगितले नाही. परंतु चोर गेल्यानंतर सकाळी ज्याचे म्हणणे खरे मानले जाणार नाही, त्याचे घर रात्री कितीही जागून राखता येत नाही, हे त्याने निःसंशय दाखविले. तिसऱ्या अंकाचे महत्त्व यातच आहे.