कुरकुरीचे शास्त्र : संत बेनेडिक्टची नियमावली वाचताना

‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’

आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात हे वाक्य मी सचिव या नात्याने लिहिले होते. ते खोटे नव्हते. सभेत कोणाचा आवाज चढला नाही, चहा वेळेवर आला, समोसे पुरले. मात्र सभेआधी आठ दिवस एका ज्येष्ठ सभासदाचे दोन पानी पत्र माझ्याकडे आले होते. गणेशोत्सवाच्या स्वयंपाकाचे काम वर्षानुवर्षे त्याच चारपाच जणींवर पडते आणि हॉलच्या खर्चाचा हिशेब सभेपुढे कधी तपशीलवार येत नाही, अशा त्यांच्या दोन तक्रारी होत्या. ‘उगाच वातावरण बिघडायला नको’ असे आम्ही कार्यकारिणीत ठरवले आणि पत्र वाचले नाही. पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. खरे सांगायचे तर आम्हांला जरा हायसेच वाटले. मंडळात शांतता नांदू लागली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ऑफिसमधल्या एका कॅथलिक सहकाऱ्याने मला एक लहानसे पुस्तक वाचायला दिले. तो बेनेडिक्टाइन संन्याशांच्या कॉलेजात शिकलेला. पुस्तक म्हणजे संत बेनेडिक्टची नियमावली. सहाव्या शतकात इटलीत, लॅटिनमध्ये लिहिलेली. एक प्रस्तावना आणि ७३ लहान प्रकरणे. एका बैठकीत वाचून होते. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. पण माणसांचा एखादा समूह गुण्यागोविंदाने कसा चालवावा यावर दीड हजार वर्षे प्रत्यक्ष वापरात असलेले दुसरे पुस्तक माझ्या माहितीत नाही. इंजिनियरला अशा गोष्टीचे कुतूहल वाटणारच! म्हणून एक ग्रंथ या दृष्टीनेच त्याची समीक्षा करण्याचे धाडस करतो.

प्रथम लेखकाविषयी. बेनेडिक्टचे चरित्र आपल्याला कळते ते पोप ग्रेगरी यांच्या ‘संवाद’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातून. तो इ. स. ५९३-९४च्या सुमारास, म्हणजे बेनेडिक्टच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने लिहिला गेला. त्यातली एक कथा अशी : तरुण बेनेडिक्ट सुबियाकोच्या गुहेत एकटा राहत असताना जवळच्या मठातले संन्यासी त्याला ‘आमचे प्रमुख व्हा’ म्हणून आग्रह करू लागले. ‘तुमचे माझे जमायचे नाही’ असे त्याने आधीच सांगितले होते. तरी ते ऐकेनात. तो गेला, शिस्त लावू लागला, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी त्याच्या मद्यात विष कालवले! त्याने आशीर्वादाचा हात उचलताच काचपात्र फुटले. बेनेडिक्टने कोणाला शासन केले नाही. तो पुन्हा एकांतात निघून गेला. कथेतला चमत्कार बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की परंपरेने या नियमावलीच्या कर्त्याला पहिल्या प्रयत्नात सपशेल अपयशी ठरलेला माणूस म्हणून लक्षात ठेवले आहे. ‘मी म्हणतो तसे करा’ एवढ्याने समूह चालत नाही, हे त्याला विषाच्या पेल्याने शिकवले असावे.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या घडणीची. नियमावलीचा बराच भाग, विशेषतः सुरुवातीचा, बेनेडिक्टने एका जुन्या अनामिक ग्रंथावरून घेतला आहे, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्या ग्रंथाला ‘गुरूची नियमावली’ म्हणतात. तो ९५ प्रकरणांचा, आकाराने सुमारे तिप्पट. म्हणजे बेनेडिक्टची खरी कर्तबगारी त्याने काय गाळले आणि काय बदलले यात शोधायला हवी. दोन उदाहरणे पाहा. गुरूच्या मठात पाहुणा आला तर तो काही चोरून नेऊ नये म्हणून त्याच्यावर दोन बंधू पहाऱ्याला ठेवायचे. बेनेडिक्ट सांगतो, आलेल्या पाहुण्याला साक्षात ख्रिस्त समजून सामोरे जा. गुरूच्या मठात ज्येष्ठतेचा क्रम मुद्दामच ठेवलेला नाही. पुढचा मठाधिपती होण्यासाठी सर्वांनी सदाचरणाची चढाओढ करावी, अशी कल्पना. बेनेडिक्टने ती मोडीत काढली. जो आधी आला तो ज्येष्ठ, मग वय काहीही असो आणि बाहेरची प्रतिष्ठा काहीही असो. आणि मठाधिपती निवडणुकीने. सद्गुणांची चढाओढ ही शेवटी चढाओढच, हे त्याने ओळखले होते. ज्यांनी मंडळांच्या निवडणुका पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. नियमावलीत ज्या दोषाचा बेनेडिक्ट पुन्हापुन्हा उल्लेख करतो तो चोरी नव्हे, आळस नव्हे. तो आहे कुरकुर. लॅटिन शब्दही मोठा नादमय आहे : ‘मुर्मुरातिओ’. वरवर वाचणाऱ्याला वाटेल, हा तक्रारी दडपणारा मठाधिपती दिसतो. मलाही प्रथम तसेच वाटले, आणि सचिव म्हणून थोडे समाधानही झाले! पण बारकाईने पाहिले तर कुरकुरीचा निषेध जिथेजिथे येतो, तिथे बहुधा शेजारीच एखादी सोयही सांगितलेली असते. पस्तिसाव्या प्रकरणात स्वयंपाकघराच्या पाळ्या आहेत. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून कोणालाही पाळी चुकत नाही. पाळी आठवड्याची. काम जास्त असेल तर मदतनीस द्यायचे. आणि वाढपी मंडळींना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकरी आणि पेय जास्तीचे द्यायचे, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. उपाशीपोटी वाढणाऱ्याची चिडचिड होते, हे ज्या धर्मग्रंथाला ठाऊक आहे त्याला माझा नमस्कार.

एकेचाळिसाव्या प्रकरणात तर त्याने एक लाख मोलाचे विशेषण वापरले आहे. जेवणाच्या वेळा ठरवताना मठाधिपतीने असे बेतावे, की बंधूंना ‘न्याय्य’ कुरकुरीला जागा राहू नये. म्हणजे कुरकुर न्याय्यही असू शकते! आणि ती असेल तर जबाबदारी कुरकुरणाऱ्याची नव्हे, वेळापत्रक करणाऱ्याची.

याच धोरणाने इतर तरतुदी येतात. महत्त्वाच्या कामी सगळ्या समूहाला बोलवायचे, कारण देव पुष्कळदा सर्वांत धाकट्यालाच योग्य गोष्ट सुचवतो. परगावचा संन्यासी मुक्कामाला आला आणि त्याने नम्रपणे काही उणीव दाखवली तर रागवायचे नाही. कदाचित देवाने त्याला त्यासाठीच पाठवले असेल. चुकलेल्याला आधी दोनदा खाजगीत समज, मग सर्वांसमक्ष, मग पंक्तीबाहेर. पण पंक्तीबाहेर काढल्यावर प्रकरण मिटत नाही. मठाधिपतीने वैद्यासारखे वागून दोनचार समंजस वडीलधारे बंधू गुपचूप त्याच्याकडे धाडायचे. त्यांनी त्याची समजूत घालायची, तो दुःखात बुडून जाऊ नये म्हणून जपायचे. मठ सोडून गेलेल्यालाही तीनदा परत घ्यायचे. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आम्ही कोणालाही धाडले नव्हते.

केवळ स्तुती करून थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. या ग्रंथात खटकणाऱ्या गोष्टी आहेत. लहान मुलांना छडीची शिक्षा आहे. सल्ला सर्वांचा असला तरी अखेरचा शब्द मठाधिपतीचा. एका बंधूने दुसऱ्याची बाजू घेऊन उभे राहू नये, असे एक प्रकरणच आहे. गटबाजी टाळण्याचा हेतू समजतो. पण ज्याच्यावर अन्याय होतो त्याला सोबती राहत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. २००२ साली बॉस्टनमधून सुरू झालेल्या वृत्तपत्रीय शोधानंतर कॅथलिक संस्थांमधले मुलांवरचे अत्याचार आणि ते वर्षानुवर्षे दडपणारी शांतता जगापुढे आली. त्यात बेनेडिक्टाइन मठही सुटले नाहीत. आज्ञापालन आणि मौन यांचे ज्या घरात गुणगान होते तिथे ही विषारी शांतता सहज पसरते. नियमावलीच्या चाहत्यांनी हे नजरेआड करू नये.

आणि तरीही, याचा प्रतिबंध त्याच ग्रंथात लिहून ठेवलेला आहे. चौसष्टावे प्रकरण मठाधिपतीच्या निवडणुकीचे. तिथे तो म्हणतो, समजा सगळ्या मठाने एकमताने असा माणूस निवडला, की जो त्यांच्या दोषांवर पांघरूण घालेल. तर धर्मप्रांताच्या बिशपने, शेजारच्या मठाधिपतींनी, एवढेच काय, आसपासच्या ख्रिस्ती लोकांनीही मध्ये पडून तो बेत हाणून पाडावा. माझ्या मते सगळ्या ग्रंथातले हे सर्वांत धीट वाक्य. एकमत झाले म्हणजे भले झाले असे नव्हे. समूह एकदिलाने चूक करू शकतो, आणि तेव्हा दार बाहेरून ठोठावणारा कोणीतरी लागतो. दुर्दैव एवढेच, की हे वाक्य वाचणारे पुष्कळ होते आणि वापरणारे थोडे.

नियमावलीचा पहिला शब्द ‘ऐक’ असा आहे. तो शिष्याला उद्देशून आहे हे खरे. पण ७३ प्रकरणे संपल्यावर वाटते, की ऐकण्याचे सर्वांत जास्त काम बेनेडिक्टने मठाधिपतीलाच नेमून दिले आहे. बेनेडिक्टाइन मठांच्या दारावर ‘पाक्स’, म्हणजे शांती, हा शब्द कोरलेला आढळतो. त्या शब्दाचा अर्थ कुरकुर ऐकू येत नाही असा घ्यायचा, की कुरकुरीचे कारण उरले नाही असा? पहिली शांतता मिळवणे सोपे. ती मी एक पत्र फाइलमध्ये ठेवून मिळवली होती.

मागच्या महिन्यात मी त्या गृहस्थांना फोन केला. हवापाण्याचे बोलून झाल्यावर विचारले, ‘तुमचे ते पत्र यंदाच्या सभेत वाचले तर चालेल का?’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘वाचा. पण स्वयंपाकाचा मुद्दा आधी घ्या, हिशेबाचा नंतर.’ सभेला येणार का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पत्र कार्यक्रमपत्रिकेवर घातले आहे. वातावरण खेळीमेळीचे राहील असे वाटत नाही.