‘ययाति’तील न बोलणाऱ्या दोघी

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. साहित्य अकादमी पुरस्कार १९६० साली आणि ज्ञानपीठ १९७४ साली, असे दोन मोठे मान तिच्या वाट्याला आले. तेव्हापासून तिच्यातील प्रतीके बहुधा एकाच रीतीने उलगडली जातात. ययाति म्हणजे भोग, यति म्हणजे टोकाचे वैराग्य आणि कच म्हणजे संयम. ही मांडणी चूक नाही, लेखकालाही ती मान्यच होती. मात्र तिच्या आड एक प्रश्न राहून जातो. माणसातल्या पापाची किंमत नेमकी कोण मोजते?

पापाचा उगम कादंबरीत प्रथम शापाच्या रूपाने पुढे येतो. नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत, हा तो शाप. ययाति आपल्या प्रत्येक घसरणीला या शापाचा आधार घेतो. पण कथानक नीट पाहिले तर शाप त्याच्याकडून काहीच करवून घेत नाही. मृत्यूचे भय वाटले की तो देहसुखाकडे धावतो, टोचणी लागली की मद्याकडे. आणि हे दर वेळी त्याचे तोच ठरवतो. विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ १९५४ ची. जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली. तिच्यातली मुले बेटावर एका पशूला शोधत हिंडतात आणि तो पशू त्यांच्याच आत असतो. बेटावरच्या मुलांना जसा पशू, तसा ययातीला शाप. आतले काही बाहेर ठेवण्याची ती सोय आहे.

ही सोय टिकते ती निवेदनाच्या रचनेमुळे. कादंबरी तिघे सांगतात: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. राजा, ऋषिकन्या आणि राजकन्या. दासी झाली तरी शर्मिष्ठा जन्माने राजकन्याच. प्रत्येकाला आपली बाजू मांडायला मुबलक पाने मिळतात. ययाति तर स्वतःला इतके सुरेख दोष देतो की वाचकाला त्याचा राग येण्याआधी कीव येते. गोड भाषेत केलेली कबुली हाही पापाचाच एक मुखवटा असू शकतो, हे मला ‘ययाति’ने शिकवले.

आता दासींकडे पाहू. अलका ही सोनेरी केसांची, ययातीची बाळपणची सोबतीण. राजघराण्याच्या अब्रूपायी तिला विष दिले जाते. मुकुलिका मरणाच्या भीतीने गांगरलेल्या राजपुत्राला सुखाची वाट दाखवते आणि कुमार्गाला लावणारी म्हणून बदनाम होते. महाभारताच्या आदिपर्वात या दोघी नाहीत. खांडेकरांनी त्या नव्याने घडवल्या, पण निवेदन दोघींपैकी एकीलाही दिले नाही. कचालाही स्वतंत्र निवेदन नाही, असे कुणी म्हणेल. पण कचाचे विचार कादंबरीभर ऐकू येतात. अलकेचे मात्र केसच लक्षात राहतात. तिचा देह प्रतीक होतो आणि ती स्वतः पुसली जाते.

मी सिन्नरचा. आमच्याकडे एके काळी घरोघर विड्या वळल्या जात. विडीवर कारखान्याचे नाव असे. ती वळणाऱ्या बाईचे नाव कुणी विचारत नसे. त्यामुळे असेल, पुस्तकात कोण बोलते याआधी कोणाला बोलू दिलेले नाही, तिकडे माझे लक्ष जाते.

खांडेकरांनंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाडांचे कन्नड ‘ययाति’ आले. त्यात पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा आहे. एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा पाहून ती त्यागाचे गोडवे गात नाही. सासऱ्यालाच जाब विचारते आणि शेवटी विष घेऊन मरते. विष दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की चित्रलेखा आधी बोलते. तिच्या बोलण्याने पुरूच्या उदात्त त्यागाखाली दडपलेली हिंसा उघडी पडते. खांडेकरांच्या कादंबरीत हाच त्याग ययातीला जागे करतो. तिथे तो प्रकाश आहे. कार्नाडांकडे त्या प्रकाशाची सावली कुणावर पडते, तेही दिसते.

याने खांडेकर उणे ठरत नाहीत. त्यांना भोगाच्या मागे लागलेल्या नव्या काळाला सावध करायचे होते. माणसात दुष्टपणा कसा हळूहळू, सबबी सांगत शिरतो, हे मराठीत इतक्या बारकाईने थोड्याच कादंबऱ्यांनी दाखवले आहे. पण शेवटी ययातीला जो उजेड दिसतो, तो मला अपुरा वाटतो. त्याला क्षमा करायला पुरू उरतो, शर्मिष्ठा उरते. अलका उरत नाही. जिच्याकडे क्षमा मागायला हवी तीच जिवंत नसेल, तर पश्चात्तापाने पाप धुतले जात नाही. पापी माणूस तेवढा हलका होतो.