चुन्याचा कुंचला आणि चरित्रकार

भगिनी निवेदिता यांच्याविषयीचे चरित्रवाङ्मय विपुल आहे. त्यात विवेकानंदांची शिष्या, शाळा काढणारी शिक्षिका, राष्ट्रवादी लेखिका यांची चर्चा पुष्कळ होते. परिचारिकेचा विचार मात्र बहुधा करुणेच्या एका प्रसंगापाशी थांबतो. तो प्रसंग नीट वाचला जात नाही, ही या परंपरेतील खरी उणीव होय.

मार्गारेट नोबल यांचा जन्म १८६७ साली आयर्लंडमधील डनगॅनन या लहानशा गावी झाला. पेशाने त्या शिक्षिका. १८९८ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या बागबाजार भागातील बोसपाडा गल्लीत त्यांनी मुलींची शाळा उघडली. पुढल्याच वर्षी शहरात प्लेग पुन्हा भडकला. मार्चअखेर रामकृष्ण मिशनने सेवाकार्य आरंभिले. स्वामी सदानंद देखरेखीला आणि निवेदिता कार्यवाह, अशी व्यवस्था होती.

या दिवसांचे सर्वांत मोलाचे साक्षीदार म्हणजे डॉ. राधागोविंद कर. त्यांच्या आठवणीत बागबाजारच्या बस्तीतील एक ओलसर, मोडकळीस आलेली झोपडी येते. प्लेगने आजारी मूल मांडीवर घेऊन निवेदिता तेथे बसलेल्या आहेत. घर सोडून त्या तेथेच राहिल्या. झोपडी निर्जंतुक करण्याची वेळ आली तेव्हा लहानशी शिडी घेऊन भिंतींना चुनाही त्यांनी स्वतःच लावला. मूल वाचणार नाही हे ठाऊक असूनही शुश्रूषेत खंड पडला नाही. दोन दिवसांनी ते गेले.

डॉक्टर स्वतः या प्रसंगाची अखेर मातेच्या प्रतिमेने करतात, आणि पुढील लेखक नेमकी तीच प्रतिमा उचलतात. रवींद्रनाथांनी दिलेले ‘लोकमाता’ हे नाव तर त्यांना आयतेच मिळाले. शिडी आणि चुना मागे पडतात. वास्तविक आठवणीचे बळ त्या दोन वस्तूंत आहे. मांडीवरचे मूल कोणत्याही संतचरित्रात शोभेल. शिडी मात्र पाहणाऱ्यालाच सुचते.

मराठी वाचकाला तर हा चुना अधिक बोलका वाटावा. १८९७ साली पुण्यात रँड यांच्या अमलाखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. झडत्या, सामानाची जाळपोळ, रोग्यांची उचल यांनी शहर जेरीस आले. त्याच भयाने १८९८ मध्ये कलकत्त्यातून लोक पळाले होते. निर्जंतुकीकरण म्हणजे सत्तेचा हात, अशी समजूत असलेल्या काळात एक गोरी स्त्री रोग्याच्या उशाशी राहून स्वतः भिंत रंगवते, यातला अर्थ केवळ वात्सल्याने उलगडत नाही. भीती वाटायला लावणारे तेच काम येथे शेजारधर्म म्हणून केले गेले.

मृत्यूच्या वर्णनातही असाच मोह दिसतो. निवेदिता १३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंगला, जगदीशचंद्र आणि अबला बसू यांच्या सहवासात, आमांशाने वारल्या. वय चव्वेचाळीसही पुरे नव्हते. बस्तीतील सेवेनंतर बारा वर्षे लोटली होती. तरीही सेवेची अखेर बलिदानात झाली, अशी जुळवाजुळव करावीशी वाटते. तसे थेट नाते सावित्रीबाई फुले यांच्या बाबतीत आहे: प्लेगच्या रोगी मुलाला उपचारासाठी नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. निवेदितांच्या चरित्राला तो शेवट उसना देण्याचे कारण नाही. बागबाजारात त्या वाचल्या, आणि उरलेल्या वर्षांत त्यांनी ग्रंथ लिहिले, शाळा चालविली.