एका खाटेची शोकांतिका

रुग्णालयाचे चित्रण म्हटले म्हणजे शस्त्रवैद्याचे कौशल्य आणि आप्तांचे अश्रू, एवढीच आमची अपेक्षा असते. बी.बी.सी.ने जानेवारी २०१७ मध्ये दाखविलेल्या ‘हॉस्पिटल’ या अनुबोधपटमालेच्या पहिल्याच भागाने ती खोटी ठरविली. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा एक रोगी शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत आहे. शस्त्रवैद्य सिद्ध आहेत. परंतु अतिदक्षता विभागात खाट मोकळी नाही. अशातच महाधमनी फुटलेली एक रुग्णा नॉर्विचहून तेथे आणली जात आहे. खाट कोणास द्यावयाची?

येथे खलपुरुष कोणीच नाही. दोन्ही पक्ष न्याय्य असावेत आणि तरीही एकाची हानी अटळ व्हावी, हेच शोकांतिकेचे मर्म म्हणून आम्ही वर्गात शिकवितो. येथे ते नाटककारावाचून प्रकटले आहे, हे या भागाचे खरे यश होय.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. कॅमेरा रुग्णालयाच्या भिंतींआडच राहतो. खाटा किती असाव्यात, हे मात्र त्या भिंतींबाहेर ठरते. त्यामुळे जे मनुष्यकृत आहे, ते नियतीचे भासू लागते. खाटांची संख्या ही नियती नव्हे. शोकांतिका म्हणून या भागाचा गौरव करताना हा भेद रसिकांनी विसरू नये.