पेरल्या दिवशीच उगवण?

साथीच्या गणिताच्या पुस्तकांत एक आलेख हमखास भेटतो, आणि तो आपल्या मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ च्या निबंधात त्या ठिपक्यांवर एक वक्ररेषा बसवली. ती छान बसली, हीच अडचण झाली. मुंबईचा प्लेग दरवर्षी हिवाळ्यात चढायचा, पावसाळ्याआधी उतरायचा. ऋतूचं काम रेषेच्या नावावर जमा झालं.

माणसं प्रामाणिक होती. प्लेग मुळात उंदरांचा, आणि आपलं एकही गृहीतक काटेकोर खरं नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यांच्या व्यापक समीकरणात लागण होऊन किती दिवस झाले, यालाही जागा आहे. मुंबईच्या आलेखासाठी मात्र त्यांनी सगळे दर स्थिर धरले, आणि पुढच्या पुस्तकांनी नेमकं तेवढंच उचललं. त्यात अधिशयन काळ उरतच नाही: लागण झाली की त्याच क्षणी माणूस रोग वाटू लागतो!

पुढे दुरुस्ती झाली, एक खण वाढला: लागण झालेले, पण अजून न पसरवणारे. (लक्षणं दिसायला लागणारा काळ वेगळा, करोनात माणसं लक्षणांआधीच रोग पसरवत होती. हे दोन काळ सर्रास एक समजले जातात.) त्या खणातून रोज ठराविक हिस्सा बाहेर पडतो, असं सोयीसाठी धरतात. म्हणजे काय? आपण सोयाबीन पेरतो. दोन-तीन दिवस रान काळंच. मग चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी उगवण, आणि काही दाणे मागं रेंगाळतात. या गणिताप्रमाणे सगळ्यात जास्त उगवण पेरल्या दिवशीच व्हावी! सार्टवेल यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं, की अनेक रोगांत अधिशयन काळाचा आकार आपल्या सोयाबीनसारखा असतो, लांब शेपटीचा.

त्या शेपटीचाच प्रश्न २०२० साली गावोगाव आला. करोनात निम्म्या रुग्णांना साधारण पाच दिवसांत लक्षणं दिसत, शंभरातल्या सत्त्याण्णवांना बाराव्या दिवसाच्या आत. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना गावच्या शाळेत ठेवलं ते १४ दिवस. आकडा चूक नव्हता. पण शेपटी कुठं तोडायची, हे गणित सांगत नाही. दहाव्या दिवशी सोडलं असतं तर प्रत्येकाची चार दिवसांची मजुरी वाचली असती, आणि एखादा रुग्ण सुटलाही असता. ही दोन्ही वजनं एका तराजूत कुणी घातली, हे आम्हाला कुठल्याही आदेशात वाचायला मिळालं नाही.